क्वीन्सलँडला पाठीवर बॅग टाकून: खानदेशातून येणारे नेहमीचे प्रश्न

मी रावेर तालुक्यातला. घरी केळी, शिक्षण जळगावात, आणि एका पावसाळ्यात इकडची कामं भावावर टाकून पस्तीस दिवस ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा किनारा खालून वर फिरलो. ब्रिस्बेनपासून डेंट्रीच्या जंगलापर्यंत, मिळेल त्या बसने, हॉस्टेलमध्ये झोपून. परत आल्यापासून लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर, रात्री अकराला फोनवर तेच ते प्रश्न येतात: "काय भो, किती लागले?" दरवेळी नव्याने सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो.

क्वीन्सलँड म्हणजे नक्की किती मोठं? आठ दिवसांत होईल का?

नाही होणार. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. क्वीन्सलँडचं क्षेत्रफळ सुमारे १७ लाख ३० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे साडेपाच महाराष्ट्र, भारताच्या निम्म्याहून जास्त. माणसं मात्र पंचावन्न लाखांच्या आसपास. त्यातली बहुतेक ब्रिस्बेनच्या कोपऱ्यात.

नकाशावर ब्रिस्बेन आणि केर्न्स बोटाच्या दोन पेरांवर दिसतात. रस्त्याने ते अंतर सुमारे १,७०० किलोमीटर आहे. भुसावळहून रेल्वेने हावड्याला गेलात तरी याहून कमीच पडतं. आणि केर्न्सच्या वर राज्य संपत नाही, केप यॉर्कचं टोक तिथून आणखी हजारभर किलोमीटरच्या घरात आहे. मी स्वतः पहिल्या रात्री मधल्या मॅके शहराला जाऊन सकाळी परत येण्याचा बेत केला होता. हॉस्टेलच्या काउंटरवरची मुलगी काही बोलली नाही, तिने नकाशा उलटा करून मागची अंतरांची तक्ता-यादी माझ्यापुढे सरकवली.

दोन आठवडे असतील तर अर्धाच किनारा घ्या. एक तर दक्षिण (ब्रिस्बेन, नूसा, हर्वी बे, के'गारी बेट), नाही तर उत्तर (टाउन्सव्हिल, मॅग्नेटिक आयलंड, मिशन बीच, केर्न्स, डेंट्री). महिना असेल तर सलग. दहा दिवसांपेक्षा कमी असतील तर इतक्या लांब जाऊ नका, दमण-दीवला जा, खरंच सांगतो.

कधी जावं?

आपल्याकडे मृग लागतो तेव्हा. जून ते ऑगस्ट हा त्यांचा हिवाळा, आणि उत्तरेकडे तो कोरडा, उघडा, सुखाचा असतो. पृथ्वीच्या पलीकडच्या अर्ध्यात गेलात की पंचांग उलटं होतं. गंमत म्हणजे जळगाव विषुववृत्ताच्या उत्तरेला २१ अंशांवर आणि त्यांचं मॅके शहर दक्षिणेला २१ अंशांवर. जणू पाण्यात पडलेलं प्रतिबिंब. तिथे दुपारी सूर्य उत्तरेला असतो. मी पहिले दोन दिवस सावलीवरून दिशा धरून चालत होतो आणि दोन्ही दिवस चुकलो.

दिवाळीच्या सुट्टीत जायचा विचार असेल तर हे लक्षात ठेवा: नोव्हेंबरपासून उत्तरेत दमट उकाडा सुरू होतो, समुद्रात विषारी जेलीफिश येतात, आणि डिसेंबर ते मार्च चक्रीवादळांचा आणि पावसाचा काळ. त्यांचा पाऊस म्हणजे काय याचा अंदाज हवा असेल तर टुली नावाच्या गावात चौकात उभा केलेला सोनेरी गमबूट बघा. उंची ७.९ मीटर. १९५० साली त्या गावात एका वर्षात जवळपास ७,९०० मिलिमीटर पाऊस पडला होता, बूट बरोबर तेवढ्या उंचीचा. आपल्या जळगावला वर्षाला सातशेच्या आसपास पडला की आपण खूश. त्या बुटाच्या आत जिना आहे, वर चढून गाव दिसतं. मी चढलो तेव्हाही पाऊसच होता.

कॉलेजच्या पोरांना मेच्या शेवटी निघणं उत्तम. व्हेल बघायचे असतील तर जुलै ते ऑक्टोबर, हर्वी बेला. समुद्री कासवं बघायची असतील तर उलटं, नोव्हेंबर ते मार्च, बंडाबर्गजवळ मॉन रेपोला.

आम्ही भुसावळचे. आम्हाला उन्हाचं काय सांगता?

मीही हेच म्हणालो होतो. क्वीन्सलँडच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'सनशाइन स्टेट' लिहिलेलं असतं. तापमान बघितलं, सव्वीस अंश. हसू आलं. आपल्याकडे मे महिन्यात ४५ला गाय सावली सोडत नाही आणि हे सव्वीसला टोपी घाला म्हणतात!

चूक तापमानाची नव्हती, सवयीची होती. आपण उन्हात राहतो म्हणजे काय करतो? बारा ते चार घरात बसतो. बाहेर पडायचंच असेल तर डोक्याला रुमाल, खिशात कांदा, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा. तिथे मी हाफ पॅंटवर, उघड्या मानेने, पांढऱ्याशुभ्र वाळूत भर बाराला चार तास बसलो, कारण वारा गार होता आणि काहीच जाणवत नव्हतं. रात्री मान आणि पायाचे पंजे असे पेटले की चादर लागू देईना. त्वचा भाजते ती अतिनील किरणांनी, उष्णतेने नाही. पाणी आणि वाळू ते किरण उलट फेकतात ते वेगळंच.

तिथे हवामानाच्या बातमीत तापमानाबरोबर 'यूव्ही', म्हणजे अतिनील किरणांचा, आकडाही सांगतात. तो ३ किंवा वर असेल तर अंग झाका, असा साधा नियम आहे. उत्तरेत हिवाळ्यातही तो सहजच वर असतो, उन्हाळ्यात ११च्या पुढे. त्वचेच्या कर्करोगाचं, मेलॅनोमाचं, प्रमाण जगात सगळ्यात जास्त असलेल्या प्रदेशांत क्वीन्सलँड आहे, म्हणून १९८१पासून तिथे शाळेतल्या पोरांना सदरा घाला, क्रीम लावा, टोपी घाला हे घोकवून घेतात. आपल्या सावळ्या कातडीला धोका कमी, पण नाही असं नाही. ५०+ची सनस्क्रीन तिथल्या कुठल्याही किराणा दुकानात मिळते, इथून ओझं नेऊ नका. रुमाल मात्र न्या. माझा भगव्या काठाचा रुमाल बघून दोन जर्मन पोरांनी तसाच बांधून द्यायला सांगितला.

आई विचारते, समुद्राचं काय? तुला तर विहिरीतच पोहता येतं.

आईचा प्रश्न सगळ्यात शहाणा आहे, म्हणून याचं उत्तर मोठं.

आपण पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेले, फार तर तापीत डुंबलेले. विहिरीचं पाणी जागेवर असतं. समुद्राचं नसतं. ऊन आपल्या ओळखीचं आहे, समुद्र नाही, हे एकदा मनाशी मान्य केलं की अर्धा धोका टळतो.

दक्षिणेकडे, गोल्ड कोस्ट आणि नूसाकडे, धोका लाटांचा आणि ओढीचा. किनाऱ्यावर आलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात परत आत जातं. त्याला ते 'रिप' म्हणतात. बघायला तो पट्टा सगळ्यात शांत दिसतो, लाटा फुटत नाहीत, म्हणून नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. जीवरक्षक रोज पाणी बघून लाल-पिवळे झेंडे लावतात. त्या दोन झेंड्यांच्या मधेच उतरायचं. झेंडे नसतील तर पाय भिजवून परत यायचं. ओढीत सापडलातच तर किनाऱ्याकडे हात मारत दमू नका. तरंगत राहा, हात वर करा, जमलं तर आडवे सरका.

उत्तरेकडे धोका वेगळा. साधारण नोव्हेंबर ते मे या काळात बॉक्स जेलीफिश आणि इरुकांजी नावाचा नखाएवढा पारदर्शक जीव पाण्यात असतो. दोन्हींचा डंख जीव घेऊ शकतो. त्या दिवसांत अंगभर घट्ट सूट घालून, जाळी लावलेल्या भागातच उतरतात. किनाऱ्यावर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या दिसतील. त्या कोणी पिकनिकला विसरलेल्या नाहीत. डंखावर आधी व्हिनेगर ओततात आणि ००० या तातडीच्या नंबरला फोन करतात.

आणि मगर. उत्तरेतल्या नद्या, खाड्या, खारफुटीच्या कडा, कधी कधी थेट समुद्रकिनारासुद्धा खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा. पिवळ्या पाट्या लावलेल्या असतात. पाटी नाही म्हणजे मगर नाही, असं समजू नका. पाण्याच्या काठापासून पाच मीटर लांब राहा म्हणतात ते अतिशयोक्तीने नाही. डेंट्री नदीवर होडीतून फिरताना नावाड्याने चिखलातलं एक ओंडकं दाखवलं. मी म्हटलं, ओंडकंच आहे. मग त्या ओंडक्याने एक डोळा उघडला.

हे सगळं वाचून आई "जाऊच नको" म्हणेल. तिला सांगा, पोहायला सुरक्षित जागाही भरपूर आहेत, आणि फुकट आहेत. केर्न्सला समुद्राच्या काठावरच मोठा कृत्रिम तलाव बांधला आहे, ब्रिस्बेनला नदीकाठी साउथ बँकेत वाळू टाकून बीच केलं आहे. दोन्हीकडे जीवरक्षक. मी माझं बहुतेक पोहणं तिथेच केलं आणि मला त्याची लाज वाटत नाही.

व्हिसा कोणता? तिथे काम करून पैसे काढता येतील का?

दोन वाटा आहेत, त्यांची गल्लत करू नका.

पहिली, पर्यटकाचा व्हिसा, ६०० नंबरचा. ऑनलाइन अर्ज, फी सुमारे २०० ऑस्ट्रेलियन डॉलर, बँकेची उलाढाल, नोकरी-शेतीची कागदं, परत येण्याचं कारण. शेतकऱ्याच्या पोराने सातबारा आणि त्याचं इंग्रजी भाषांतर जोडावं. मी जोडलं होतं. या व्हिसावर काम करता येत नाही. हॉस्टेलमध्ये रोज दोन तास साफसफाई करा आणि फुकट राहा, असं कोणी सांगेल. तेही कामच धरलं जातं.

दुसरी, 'वर्क अँड हॉलिडे', ४६२ नंबरचा. भारतीयांसाठी तो २०२४पासून सुरू झाला. वय १८ ते ३०, वर्षाला १,००० जागा, मुदत बारा महिने. अर्ज जास्त असल्याने सोडत निघते. नाव नोंदवायला २५ डॉलर आणि पॅन कार्ड. नाव निघालं तर पुढे इंग्रजीची परीक्षा, बारावीनंतरचं किमान दोन वर्षांचं शिक्षण, हाताशी पैसे असल्याचा पुरावा. तेव्हाच खरा अर्ज करता येतो.

आता ऐका. ही सोडत संगणक काढतो. "तुमचा नंबर लावून देतो" म्हणणारा कोणताही एजंट तुमचा नंबर लावू शकत नाही. आमच्या पाहुण्यांतल्या एकाने असे चाळीस हजार घातले. एजंटने काय केलं? पंचवीस डॉलर भरून नाव नोंदवलं, जे पोरगं स्वतः मोबाइलवर दहा मिनिटांत करू शकत होतं. नाव निघालं नाही. पैसेही निघाले नाहीत.

मग ते परदेशी पोरं शेतात काम करतात ते कसं?

बऱ्याच देशांच्या तरुणांना तिथे दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर आधी ठरावीक भागात ८८ दिवस शेतीसारखं काम करावं लागतं. त्यामुळे बंडाबर्ग, बोवेन, टुली, इनिसफेलकडची हॉस्टेलं म्हणजे मजुरांचे अड्डेच. सकाळी साडेपाचला व्हॅन येते, तैवानची, फ्रान्सची, इटलीची पोरं डोळे चोळत चढतात. आपल्याकडे पहाटे केळी कापायला ट्रॅक्टर निघतो तसंच, फक्त डब्यात भाकरीऐवजी नूडल्स.

मजुरी तासावर, आणि किमान दर जगात वरच्या बाजूला. पण २०२२पर्यंत फळतोडणीला उक्त्याचे दर लावून काही बागायतदार पोरांना तासाला नगण्य पैसे द्यायचे. त्या वर्षी एप्रिलपासून उक्त्यावर काम केलं तरी किमान तासाचा दर द्यावाच लागतो असा नियम झाला. तरीही रोख देणारे, पावती न देणारे, खोलीभाड्यात मजुरी कापून घेणारे भेटतातच. ४६२वर गेलात तर पावतीशिवाय एक दिवसही काम करू नका. तक्रार करायला फेअर वर्क ऑम्बुड्समनचं सरकारी कार्यालय आहे.

बस, रेल्वे, की गाडी भाड्याने?

एकट्याला बस. ग्रेहाउंडच्या बस ब्रिस्बेन ते केर्न्स चालतात, ठरावीक दिवसांचा पास काढला की वाटेत कुठेही उतरा, कुठेही चढा. रात्रीची बस घेतली तर एका रात्रीचं भाडं वाचतं, पण कमरेचे टाके ढिले होतात. सलग दोन रात्री करू नका.

भुसावळच्या माणसाला रेल्वेचा मोह होणारच. 'स्पिरिट ऑफ क्वीन्सलँड' ब्रिस्बेनहून केर्न्सला साधारण २५ तासांत पोचते, रोज नसते. राज्यातले रूळ साडेतीन फुटी, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजहून अरुंद आणि पाचोरा-जामनेरच्या जुन्या छोट्या 'पीजे' गाडीच्या रुळांहून रुंद. गाडी तशी निवांतच चालते. डब्यात कोणी चहा घेऊन येत नाही आणि कोणी कोणाशी बोलत नाही. खिडकीतून मात्र उसाच्या शेतांतली छोटी रेल्वे दिसते, दोन फुटी रुळांवर पिंजऱ्यासारख्या डब्यांत ऊस भरून कारखान्याकडे जाणारी. असे उसाचे रूळ राज्यात सुमारे ४,००० किलोमीटर आहेत. आपल्याकडे बैलगाड्यांची रांग लागते ना कारखान्यासमोर, तिचाच हा रुळांवरचा अवतार.

चौघे असाल तर गाडी परवडते. गाडी डावीकडूनच चालवतात आणि इंग्रजीत छापलेलं आपलं लायसन्स पाहुण्याला चालतं. अंधार पडल्यावर चालवू नका, कांगारू थेट दिव्यासमोर उडी मारतं.

ब्रिस्बेन आणि आसपास, गोल्ड कोस्टपासून सनशाइन कोस्टपर्यंत, सरकारी बस-रेल्वे-फेरीचं तिकीट ५० सेंट आहे. कितीही लांब जा, पन्नास सेंट. विमानतळाची रेल्वे यात येत नाही, तिथे खिसा रिकामा होतो.

एकूण खर्च किती?

हिशेबाला डॉलर ६० रुपये धरा. हॉस्टेलमध्ये आठ-दहा जणांच्या खोलीत एक खाट ३५ ते ६० डॉलर, शाळांच्या सुट्टीत जास्त. स्वतः शिजवलं तर खाणं वीसेक डॉलरमध्ये. बाहेर बसून जेवलात तर एका ताटाला तेवढेच. प्रवास धरून माझा दिवसाचा खर्च शंभर डॉलरच्या आसपास पडला, म्हणजे सहा हजार रुपये. मोठे खड्डे सहलींचे: ग्रेट बॅरिअर रीफवर एक दिवस २०० ते ३०० डॉलर, के'गारीवर दोन-तीन दिवस त्याहून दुप्पट. विमानाचं भाडं वेगळं. मी मुंबईहून सिंगापूरमार्गे ब्रिस्बेनला गेलो.

"एवढ्यात ठिबक झालं असतं," असं वडील म्हणाले. हिशेब बरोबर होता.

हॉस्टेल सुरक्षित असतं का? मुलगी एकटी गेली तर?

एकट्या फिरणाऱ्या मुली मला मुलांपेक्षा जास्त भेटल्या. बहुतेक मोठ्या हॉस्टेलांत फक्त मुलींच्या खोल्या असतात, बुकिंगच्या वेळीच निवडा. कुलूप स्वतःचं न्या, खाटेखाली पेटी असते पण कुलूप नसतं. गादीच्या शिवणीत एकदा बोट फिरवून ढेकूण बघा. आपल्या आज्या बघायच्या तसंच.

एक गोष्ट मात्र खोलीत शिरल्या शिरल्या करा: आगीच्या वेळी बाहेर पडायचं दार कुठे आहे ते बघा आणि ते उघडतं का तेही. २३ जून २०००च्या रात्री बंडाबर्गजवळच्या चिल्डर्स गावातल्या पॅलेस बॅकपॅकर्स हॉस्टेलला एका माणसाने आग लावली. शेतात कामाला आलेली १५ तरुण मुलं-मुली गेली. धुराची सूचना देणारी यंत्रणा चालत नव्हती. आता त्या इमारतीत त्यांचं स्मारक आहे. मी बस बदलायला उतरलो होतो, आत गेलो, भिंतीवरच्या चेहऱ्यांची वयं बघितली आणि पुढची बस सोडली.

शाकाहारी माणसाचं पोट कसं भरेल? घरून काय न्यावं?

हॉस्टेलचं स्वयंपाकघर हेच तुमचं घर. तांदूळ, डाळ, कांदे, बटाटे सगळीकडे मिळतात. मोठ्या शहरांत भारतीय किराणा आहे.

विमानतळावर कस्टमचे नियम फार कडक. खाण्याची प्रत्येक वस्तू कागदावर लिहायची, शंका असली तरी लिहायची. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर दंड हजारो डॉलरचा असू शकतो. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, बियाणं, पेढे, खव्याची मिठाई घरीच ठेवा. शेजारच्या काकांनी मला बामणोदच्या भरीताच्या वांग्याचं बी कागदात बांधून दिलं होतं, "तिकडे लावून ये" म्हणून. ते जळगाव स्टेशनवरच भावाकडे परत दिलं. पाकीटबंद, लेबल असलेला काळा मसाला लिहून नेला. अधिकाऱ्याने पुडी नाकाशी नेली, दोनदा शिंकला आणि दिली.

भरीताची गोष्ट सांगतोच. तिथल्या बागांमधून, समुद्रकाठी, सार्वजनिक बार्बेक्यू असतात, विजेवरचा लोखंडी तवा, बटण दाबा आणि वापरा, फुकट. टाउन्सव्हिलला त्यावर वांगं भाजायला ठेवलं. तिथलं वांगं काळंकुट्ट, चकचकीत, आपल्या हिरव्या-पांढऱ्या वांग्याची चव नाही. तव्याला धूर नाही, कपाशीच्या काड्यांचा वास नाही. चाळीस मिनिटं उलटसुलट केल्यावर ते कसंबसं मऊ पडलं. शेजारी मांस भाजणारा एक म्हातारा इतका वेळ बघत होता, शेवटी म्हणाला, "तुझं हे मेलं की नाही अजून?" कांद्याची पात, हिरव्या मिरच्या, शेंगदाणे घालून त्यालाही दिलं. दोनदा मागून घेतलं.

काय चुकवू नये?

ग्रेट बॅरिअर रीफ. २,३०० किलोमीटर पसरलेली प्रवाळांची रांग, १९८१पासून जागतिक वारसा. पोहता येत नसेल तर नावेवर चढतानाच सांगा. ते जॅकेट आणि फोमची नळी देतात, बरोबर माणूस देतात. मी तोंड पाण्यात घातलं आणि पहिली दोन मिनिटं फक्त स्वतःचा श्वास ऐकू आला, मग खाली एक निळा ओठ असलेला माणसाएवढा शिंपला हळूच मिटला. काही जागी प्रवाळ पांढरे पडलेले दिसतात. पाणी तापलं की प्रवाळ आतली रंगीत शेवाळं बाहेर टाकतात, आणि २०१६पासून तसं मोठ्या प्रमाणावर वारंवार झालं आहे. हात लावू नका, उभे राहू नका.

के'गारी हे जगातलं सगळ्यात मोठं वाळूचं बेट. जुनं नाव फ्रेझर आयलंड, २०२३मध्ये बुचुला लोकांचं मूळ नाव परत दिलं. उच्चार 'गारी'च्या जवळचा, 'के' मुका. तिथे डिंगो नावाची रानकुत्री आहेत, खायला घालायचं नाही, एकटं फिरायचं नाही. पोहायचं ते आतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यात, समुद्रात नाही.

विटसंडेची ७४ बेटं सुंदर आहेत, पण नाचगाण्याच्या नावा टाळा, निवांत नाव शोधा. माझ्या मते मात्र पैसा वसूल मॅग्नेटिक आयलंड: टाउन्सव्हिलहून वीसेक मिनिटांची फेरी, दिवसभर पायी, आणि झाडाच्या बेचक्यात झोपलेला कोआला. गोल्ड कोस्टचं सर्फर्स पॅरडाइज सोडलंत तरी चालेल. उंच इमारती मुंबईतही आहेत.

वेळ, फोन, प्लग?

घड्याळ भारताच्या साडेचार तास पुढे, बाराही महिने. क्वीन्सलँड उन्हाळ्यात घड्याळ बदलत नाही. घरी फोन तिथल्या संध्याकाळी करा. प्लगच्या पिना तिरप्या, अडॅप्टर इथूनच न्या. शहराबाहेर नेटवर्क तासन्तास नसतं. नळाचं पाणी शहरांत पिता येतं.

तुम्ही केळीवाले. तिथली केळी बघितली का?

बघायलाच गेलो होतो, खरं सांगायचं तर.

ऑस्ट्रेलियातली नव्वद टक्क्यांहून जास्त केळी उत्तर क्वीन्सलँडमध्ये, मुख्यतः टुली आणि इनिसफेलच्या आसपास पिकते. बस वळणावर आली आणि दोन्ही बाजूंना बागा सुरू झाल्या, घडांना पिशव्या घातलेल्या, मागे ढगात बुडालेले डोंगर. रावेर-सावद्याचा रस्ता कोणीतरी धुऊन हिरवा केल्यासारखा. २००६मध्ये लॅरी आणि २०११मध्ये यासी या चक्रीवादळांनी हे सगळं आडवं केलं होतं. तेव्हा त्यांच्या शहरांत केळीचा भाव किलोला दहा डॉलरच्या वर गेला. मेच्या वादळाने बाग झोपल्यावर आपल्याकडे भाव वाढतो तोवर आपल्याकडे माल उरलेला नसतो, तसंच तिथेही.

एका बागेच्या फाटकाशी उतरून आत बघत उभा होतो. मॅनेजर गाडीतून आला. मी म्हटलं, माझ्या घरी केळी आहे, भारतात, आत येऊ का? 'घरी केळी आहे' ऐकताच तो दोन पावलं मागे सरकला. हसत नव्हता. त्याने आधी माझ्या बुटांकडे बघितलं.

कारण टीआर४. पनामा रोगाची ही जात मातीतली बुरशी आहे. मुळातून शिरते, खोडातल्या नळ्या बंद करते, झाड उभ्या-उभ्या पिवळं पडून वाळतं. औषध नाही, आणि एकदा आली की जमिनीत दशकानुदशकं राहते. टुलीत ती २०१५मध्ये सापडली. तेव्हापासून तिथल्या बागांना कुंपण, फाटकावर जंतुनाशकाचे हौद, गाड्यांची चाकं धुतल्याशिवाय प्रवेश नाही, बाहेरच्या बुटांना बंदी. बुटाच्या खाचेतली चिमूटभर माती पुरते. आपल्या देशातही बिहार आणि उत्तर प्रदेशात ती सापडलेली आहे, आणि आपली ग्रँड नैन त्याच कॅव्हेंडिश कुळातली.

आम्ही फाटकाच्या दोन बाजूंना उभं राहून अर्धा तास बोललो. घड तिथेही माणूस खांद्यावर घेतो. एकजण कोयत्याने तोडतो, दुसरा खाली खांदा देतो, चाळीस-पन्नास किलोचा घड घेऊन ट्रेलरपर्यंत चालतो. त्याला ते 'हम्पिंग' म्हणतात. नवीन परदेशी पोरं तीन दिवसांत पळतात, असं तो म्हणाला. मी त्याला मोबाइलवर आमची कांदेबागेची केळी दाखवली. त्याने फोटो मोठा करून फण्या मोजल्या.

जाताना त्याने सांगितलं, घरी जाशील तेव्हा हे बूट नेऊ नकोस. केर्न्सच्या हॉस्टेलमध्ये दाराशी एक फळी होती, ज्याला जे नको ते तिथे ठेवायचं. धुऊन, वाळवून बूट तिथे ठेवले आणि स्लीपरवर विमानात बसलो. जळगावला उतरलो तेव्हा धो-धो पाऊस. वडील न्यायला आले होते. त्यांनी पायाकडे बघितलं, बूट कुठे गेले ते विचारलं, मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. घरी पोचल्यावर त्यांनी बागेच्या फाटकाशी चुन्याचं घमेलं ठेवलं आणि मला पाय त्यात बुडवून आत यायला लावलं.